डुप्लिकेट फोटो कसे काढायचे: आधी हुबेहूब प्रती, मग सारखे दिसणारे

संगणकात एकच फोटो चार-चार ठिकाणी पडलाय हे लक्षात आलं की बहुतेक जण एखादा प्रोग्राम उतरवून घेतात, सगळी डिस्क स्कॅन करतात आणि समोर आलेली हजारो नावांची यादी बघून अडकतात. मग एक तर सगळं तसंच सोडून दिलं जातं, नाही तर सरसकट टिक करून डिलीट दाबलं जातं. यातलं दुसरं फार महागात पडतं. शोधायचं काम संगणक करतो. कोणती प्रत ठेवायची हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. ते नीट ठरवायचं तर सगळे डुप्लिकेट एकाच फेरीत काढायचा मोह टाळा.

कारण डुप्लिकेट तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींची वागणूक वेगळी असते.

पहिला प्रकार हुबेहूब प्रतींचा. मेमरी कार्डावरून तेच फोटो दोनदा उतरवले, जुन्या लॅपटॉपचा बॅकअप नव्या लॅपटॉपवर ओतला, 'असू दे' म्हणून फोल्डर कॉपी करून ठेवला, की अशा प्रती तयार होतात. या फाइल्स बाइट न् बाइट सारख्या असतात. यातली कोणतीही एक ठेवली तरी चित्रात काडीचा फरक पडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे तोच फोटो, पण वेगळी फाइल. मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, आणि तोच व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला १६०० बाय १२०० चा. किंवा आयफोनच्या एचईआयसी फॉरमॅटमधल्या फाइलची जेपीजी करून ठेवलेली आवृत्ती. किंवा एखाद्या ॲपमध्ये उजेड वाढवून पुन्हा सेव्ह केलेली. डोळ्यांना एकच चित्र दिसतं, संगणकाच्या लेखी मात्र या पूर्णपणे वेगळ्या फाइल्स आहेत. इथे चुकीची प्रत उडवली तर नुकसान कायमचं.

तिसरा प्रकार खरं तर डुप्लिकेट नाहीच: एकामागोमाग टिपलेले सात-आठ फोटो, ज्यात एकात कोणाचे डोळे मिटलेत आणि दुसऱ्यात सगळे हसताहेत. प्रोग्राम त्यांनाही 'सारखे' म्हणून पुढे करतो. यातली निवड माणसानेच करायची.

म्हणून पहिल्या फेरीत फक्त हुबेहूब प्रती काढायच्या. तेवढ्यानेही यादीचा मोठा भाग साफ होतो. मग दुसऱ्या फेरीत, शांतपणे, सारखे दिसणारे.

काहीही उडवण्याआधी

तयारीला वेळ लागतो, पण ती टाळू नका.

सगळ्यात आधी बॅकअप घ्या, आणि तोही वेगळ्या डिस्कवर. त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरला बॅकअप म्हणत नाहीत. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर सगळे फोटो कॉपी करा, मग मूळ फोल्डर आणि बॅकअपचा फोल्डर या दोन्हींवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. फाइल्सची संख्या जुळली पाहिजे आणि 'साइझ' या ओळीतला बाइट्सचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. त्याखालची 'साइझ ऑन डिस्क' ही ओळ जुळली नाही तर काळजी करू नका. दोन डिस्कांची फॉरमॅट वेगळी असली की तो आकडा वेगळा येतोच. एखाद्या फाइलचा फरक निघाला तर बऱ्याचदा तो 'थंब्स.डीबी'सारख्या लपवलेल्या फाइलचा असतो. तरीही तो शोधून काढा, अंदाजावर सोडू नका.

लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, असेल तर बॅकअप आणखीच गरजेचा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेली फाइल रिकव्हरी प्रोग्रामने परत मिळण्याची बरी शक्यता असते. एसएसडीत 'ट्रिम' नावाची सोय मोकळी झालेली जागा लगेच पुसायला लावते, त्यामुळे रिसायकल बिन रिकामा केल्यावर फाइल परत मिळण्याची आशा जवळपास संपते.

दुसरी तयारी म्हणजे सिंक, म्हणजे संगणक आणि क्लाउडवरच्या फाइल्स आपोआप सारख्या ठेवण्याची सोय, थांबवणं. फोटोंचा फोल्डर वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा आयक्लाउडला जोडलेला असेल, तर संगणकावर उडवलेली फाइल क्लाउडवरूनही उडते आणि त्या खात्याला जोडलेल्या बाकी उपकरणांवरूनही. काम होईपर्यंत सिंक 'पॉज' करून ठेवा. यात आणखी एक अडचण असते. काही फाइल्स फक्त क्लाउडवर असतात आणि संगणकावर नुसतं त्यांचं चिन्ह दिसतं. स्कॅन करणारा प्रोग्राम त्या वाचायला गेला की एकेक करून डाउनलोड व्हायला लागतात, डिस्क भरत जाते आणि स्कॅन रेंगाळतो. असे फोल्डर आधी पूर्ण डाउनलोड करून घ्या, नाही तर स्कॅनमधून वगळा.

तिसरी तयारी: मुख्य संग्रह कोणता ते ठरवा. सगळे फोटो विखुरलेले असतील तर एका मोठ्या फोल्डरखाली उगमानुसार उपफोल्डर करा: 'मुख्य संग्रह', 'जुना लॅपटॉप', 'फोनचा बॅकअप', 'व्हॉट्सॲप', 'पेन ड्राइव्ह'. या टप्प्यावर सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतू नका. कुठली फाइल कुठून आली हे फोल्डरच्या नावावरून दिसलं तरच पुढे निर्णय सोपे जातात.

प्रोग्राम नेमकं काय बघतो

हे समजून घेतलं की सेटिंग्ज आपोआप कळतात.

हुबेहूब प्रती शोधताना प्रोग्राम आधी फाइलचा आकार बघतो. आकार वेगळा असेल तर त्या फाइल्स हुबेहूब असणं शक्यच नाही, म्हणून त्या लगेच बाजूला होतात. आकार जुळलेल्या फाइल्सचा मग हॅश काढला जातो, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बाइट्सवरून गणिताने काढलेला एक ठरावीक लांबीचा आकडा. एमडी५ पद्धतीत तो १२८ बिटचा असतो, एसएचए-२५६ मध्ये २५६ बिटचा. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो.

फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत एक्झिफ नावाची माहितीही असते: फोटो काढल्याची तारीख-वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, जागेचे अक्षांश-रेखांश. एखाद्या प्रोग्रामने त्यात नुसता टॅग किंवा रेटिंगचे तारे लिहिले, तर चित्र तेच राहूनही फाइल बदलते आणि हॅश जुळत नाही. म्हणून पहिल्या फेरीनंतरही डोळ्यांना अगदी एकसारखे दिसणारे फोटो उरतात. स्कॅन चुकला असं त्यावरून समजू नका. ते दुसऱ्या फेरीचं काम.

सारखे दिसणारे फोटो शोधायची रीत वेगळी आहे. एक प्रचलित पद्धत अशी: फोटो आक्रसून ९ बाय ८ पिक्सेलचा, करड्या रंगाचा करतात. मग प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन पिक्सेलपैकी उजळ कोणता ते बघून शून्य किंवा एक लिहितात. अशा ६४ शून्य-एकांची त्या फोटोची ओळख तयार होते. दोन फोटोंच्या ओळखीत ६४ पैकी दोन-तीन जागीच फरक असेल तर बहुधा फोटो एकच. दहापेक्षा जास्त जागी असेल तर बहुधा वेगळे. फाइलचा आकार, फॉरमॅट, एक्झिफ, यांपैकी कशाचाही इथे संबंध येत नाही. म्हणूनच व्हॉट्सॲपवरची छोटी प्रतही सापडते. आणि म्हणूनच चूकही होते: निरभ्र आकाशाचे दोन निराळे फोटो, धुक्यातले फोटो, पांढऱ्या कागदाचे काढलेले फोटो या पद्धतीला एकच वाटू शकतात. एका पानावरचा मजकूर दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे हे इतक्या छोट्या चित्रात कळणारच नाही. कागदपत्रांच्या फोटोंचा फोल्डर दुसऱ्या फेरीत घेऊच नका.

पहिली फेरी: हुबेहूब प्रती

इथे ड्युपगुरू (dupeGuru) या प्रोग्रामच्या पायऱ्या दिल्या आहेत. तो मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. च्कावका (Czkawka) हा दुसरा चांगला मोफत पर्याय. तो वेगवान आहे आणि त्यातही हेच टप्पे थोड्या वेगळ्या नावांनी येतात. 'तुमचे ५,००० डुप्लिकेट सापडले, काढायचे तर पैसे भरा' असं म्हणणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जायची गरज नाही.

१. वर 'ॲप्लिकेशन मोड'मध्ये 'स्टँडर्ड' निवडा आणि 'स्कॅन टाइप'मध्ये 'कंटेंट्स'. फोटो शोधायचे म्हणून लगेच 'पिक्चर' मोडवर जावंसं वाटतं, पण तो मोड चित्र बघतो. हुबेहूब प्रतींसाठी स्टँडर्डच हवा. 'फाइलनेम' मात्र निवडू नका. अनेक कॅमेऱ्यांचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे 'डीएससी_००४२' नावाचे दोन पूर्ण वेगळे फोटो असू शकतात.

२. खालच्या अधिकच्या चिन्हावरून फोल्डर जोडा. प्रत्येक उपफोल्डर वेगळा जोडा, म्हणजे त्याची वागणूक वेगळी ठरवता येते. सी ड्राइव्ह सबंध कधीच जोडू नका. विंडोज आणि इतर प्रोग्रामांच्या फोल्डरांत मुद्दाम ठेवलेल्या सारख्या फाइल्स असतात. त्या उडवल्या तर प्रोग्राम बंद पडतात.

३. फोल्डरच्या नावापुढे 'स्टेट' हा रकाना असतो. 'मुख्य संग्रह'ला तिथे 'रेफरन्स' करा, बाकीचे 'नॉर्मल' राहू द्या. रेफरन्स केलेल्या फोल्डरमधल्या फाइलवर टिक करताच येत नाही, म्हणजे चुकूनही ती उडत नाही. या एका सेटिंगइतका भरवशाचा बचाव दुसरा नाही. ज्या फोल्डरांना हात लावायचा नाही त्यांना 'एक्स्क्लुडेड' करा.

४. 'ऑप्शन्स'मध्ये ठरावीक आकाराहून लहान फाइल्स वगळायची सोय आहे. १० केबीच्या आतल्या फाइल्स वगळल्या तर वेबपेजवरची चिन्हं आणि थंबनेल यादीत गर्दी करत नाहीत.

५. 'स्कॅन' दाबा. एक्स्टर्नल डिस्क यूएसबी २.० ला लावली असेल तर बराच वेळ लागेल, कारण जुळत्या आकाराची प्रत्येक फाइल वाचावी लागते. स्कॅन चालू असताना डिस्क काढू नका आणि लॅपटॉप झोपणार नाही याची सोय करा.

६. निकाल गटागटाने येतो. प्रत्येक गटातली पहिली फाइल ठेवायची, तिच्याखाली आत सरकवलेल्या फाइल्स काढायच्या. वर 'ड्युप्स ओन्ली'वर टिक केलं की फक्त काढायच्या फाइल्स दिसतात. मग 'फोल्डर' रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करून यादी फोल्डरनुसार लावा. आता कुठल्या फोल्डरमधलं किती जाणार आहे ते एका नजरेत कळतं. अनपेक्षित फोल्डर दिसला तर तिथेच थांबा.

७. वेगवेगळ्या फोल्डरमधले दहा-पंधरा गट उघडून दोन्ही फाइल्स स्वतः बघा. पहिली फाइल उघडते ना, याची खात्री करा.

८. 'मार्क' मेनूतून सगळ्यांवर टिक करा आणि 'ॲक्शन्स'मधून 'सेंड मार्क्ड टू रिसायकल बिन' निवडा. पुढे येणाऱ्या चौकटीत 'लिंक डिलीटेड फाइल्स' आणि 'डायरेक्टली डिलीट फाइल्स' असे दोन पर्याय असतात. दोन्ही बिनटिक राहू द्या. दुसऱ्यावर टिक केलं तर फाइल बिनमध्ये न जाता थेट नाहीशी होते.

पेन ड्राइव्ह आणि नेटवर्कवरच्या फोल्डरांना मात्र रिसायकल बिन सहसा नसतोच, तिथून उडवलेलं थेट जातं. शिवाय बिनलाही आकाराची मर्यादा असते. म्हणून ज्यांना पहिल्यांदाच हे करायचंय त्यांनी बिनऐवजी 'मूव्ह मार्क्ड टू' निवडून सगळ्या प्रती 'काढायचे फोटो' नावाच्या फोल्डरमध्ये हलवाव्यात, मूळ फोल्डरांची रचना तशीच ठेवायचा पर्याय निवडून. महिनाभर काही अडलं नाही तर तो फोल्डर उडवायचा. आमच्या मते ही पद्धत नवख्यांसाठी सगळ्यात सुरक्षित.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. मुख्य संग्रह रेफरन्स केला असल्यामुळे त्याच्या आतल्या आत असलेले डुप्लिकेट यादीत येतच नाहीत. दोन्ही फाइल्स संरक्षित असल्या की प्रोग्राम ती जोडी दाखवत नाही. म्हणून बाकीचे फोल्डर साफ झाल्यावर फक्त मुख्य संग्रह 'नॉर्मल' करून पुन्हा एकदा स्कॅन करा. या वेळी कोणती फाइल वर आहे ते लक्षपूर्वक बघा. तारखेच्या फोल्डरमधली फाइल खाली आणि 'न्यू फोल्डर (२)' मधली वर आली असेल, तर हवी ती फाइल निवडून 'मेक सिलेक्टेड इन्टू रेफरन्स' दाबलं की जागा बदलतात. असे शेकडो गट असतील तर 'री-प्रायॉरिटाइझ रिझल्ट्स'मध्ये फोल्डरचा नियम एकदाच लावता येतो.

दुसरी फेरी: सारखे दिसणारे

आता 'पिक्चर' मोड आणि 'कंटेंट्स'. ड्युपगुरू इथे फोटोचे १५ बाय १५ चौकोन करून प्रत्येकाचा सरासरी रंग ताडून बघतो. दोन सेटिंग्ज महत्त्वाच्या आहेत.

'फिल्टर हार्डनेस' ९५ च्या आसपास ठेवून सुरुवात करा. तो कमी केला की जास्त फोटो सापडतात आणि चुकीच्या जोड्याही वाढतात. आधी ९५ ला सापडलेलं निपटवा, मग ९० ला बघा. त्याच्याही खाली गेलात तर यादीत बर्स्टचे, म्हणजे एकामागोमाग टिपलेले, आणि एकाच पार्श्वभूमीवर काढलेले फोटोच भरतात.

'मॅच पिक्चर्स ऑफ डिफरंट डायमेन्शन्स' यावर टिक हवंच. ते नसेल तर पिक्सेलची मापं वेगळी असलेले फोटो ताडलेच जात नाहीत आणि व्हॉट्सॲपची एकही प्रत सापडत नाही. 'प्रोग्रामला काही मिळालं नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. दुसरं कारण एचईआयसी: आयफोनची ही फॉरमॅट सगळ्याच प्रोग्रामना वाचता येत नाही, आणि न वाचता आलेली फाइल गुपचूप वगळली जाते. यादी रिकामी आली म्हणून डुप्लिकेट नाहीतच असं धरून चालू नका.

फोटोंची संख्या फार असेल तर एकेक वर्ष घेऊन स्कॅन करा. हजार जोड्यांची यादी सलग बघताना डोळे थकतात आणि थकलेल्या डोळ्यांनी चुकीचं टिक होतं.

कोणता ठेवायचा

प्रत्येक जोडीसाठी तीन गोष्टी बघायच्या, आणि याच क्रमाने: पिक्सेलची मापं, एक्झिफ, मग फाइलचा आकार.

पिक्सेल जास्त तो सहसा मूळ. ४०३२ बाय ३०२४ आणि १६०० बाय १२०० अशी जोडी असेल तर विचार करायची गरज नाही. मापं सारखी असतील तर एक्झिफ बघा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स': तिथे 'डेट टेकन' आणि कॅमेऱ्याचं मॉडेल भरलेलं आहे का? मेसेजिंग ॲप्स आणि बऱ्याच वेबसाइट ही माहिती काढून टाकतात, त्यामुळे ती शाबूत असलेली फाइल मूळच्या जवळची.

फाइलचा आकार शेवटी, कारण तो फसवतो. समजा दोन्ही फोटो ४०००  बाय ३००० चे आहेत. एक ४.१ एमबीचा, त्यात कॅमेऱ्याचं नाव आणि तारीख आहे. दुसरा ५.६ एमबीचा, त्यात काहीच नाही. मोठा तो चांगला असं समजून पहिला उडवला तर चूक झाली. दुसरी फाइल कोणीतरी उघडून जास्तीत जास्त क्वालिटीवर पुन्हा सेव्ह केलेली आहे. जेपीजी पुन्हा सेव्ह झाली की बारीक तपशील थोडा घटतोच, आकार वाढला तरी. जेपीजीची पीएनजी केली की फाइल कितीतरी पट फुगते आणि चित्रात नवीन काहीही येत नाही. शंका आली तर दोन्ही फोटो १०० टक्के झूम करून केसांकडे, पानांच्या कडांकडे, लहान अक्षरांकडे बघा. पुन्हा सेव्ह झालेल्या फोटोत कडांभोवती धूसर ठिपके दिसतात.

'डेट क्रिएटेड'वर निर्णय घेऊ नका. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की त्या प्रतीची 'क्रिएटेड' तारीख कॉपी केल्या दिवसाची होते, त्यामुळे २०१२ चा फोटो २०२४ चा दिसतो. फोटो खरोखर कधी काढला ते 'डेट टेकन' सांगते.

एडिट केलेल्या आवृत्त्यांबाबत आमचा आग्रह असा: मूळ फोटो कायम ठेवा, आणि एडिट मेहनतीचं असेल तर तेही ठेवा. क्रॉप केलेला फोटो मूळची जागा घेऊ शकत नाही. कापलेल्या भागात कोण उभं होतं ते पुन्हा मिळत नाही.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरात फाइलच्या नावातच तारीख असते, 'आयएमजी-२०२३०११४-डब्ल्यूए०००७' अशी. ती पाठवल्याची किंवा आल्याची तारीख असते, काढल्याची नव्हे. या फोल्डरातले सगळे फोटो निकृष्ट समजून सबंध फोल्डर उडवायची घाई करू नका. दुसऱ्यांनी पाठवलेल्या फोटोंची मूळ फाइल तुमच्याकडे कधी नव्हतीच. तुमच्यासाठी तीच एकमेव प्रत. ज्यांची मोठी जोडी सापडली तेवढेच काढा.

बर्स्टचे गट आले तर त्यांना 'ॲड सिलेक्टेड टू इग्नोर लिस्ट'मध्ये टाका म्हणजे पुढच्या स्कॅनमध्ये ते परत परत येत नाहीत. त्यातली छाटणी वेगळ्या दिवशी, फोटो पूर्ण स्क्रीनवर बघून करा.

यांना हात लावू नका

रॉ आणि जेपीजी ही जोडी. कॅमेऱ्यावर दोन्ही एकत्र सेव्ह होत असतील तर एकाच नावाच्या, पण वेगळ्या एक्स्टेन्शनच्या (नावात टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांच्या) दोन फाइल्स दिसतात. त्या डुप्लिकेट नाहीत. रॉमध्ये सेन्सरचा मूळ डेटा असतो.

आयफोनचे लाइव्ह फोटो. एचईआयसी किंवा जेपीजी आणि सोबत त्याच नावाची काही सेकंदांची एमओव्ही. व्हिडिओ उडवला तर फोटो राहतो, हालचाल जाते.

एक्सएमपी फाइल्स. काही केबींच्या असतात पण रॉ फोटोवर केलेलं सगळं एडिटिंग आणि टॅग त्यात असतं.

'.पिकासाओरिजिनल्स' (.picasaoriginals) नावाचा लपवलेला फोल्डर. गूगलने पिकासा हा फोटो सांभाळायचा प्रोग्राम २०१६ मध्ये बंद केला, पण जुन्या संग्रहांत हे फोल्डर अजून आढळतात. पिकासात फोटो एडिट करून सेव्ह केला की मूळ फोटो त्यात जायचा. 'लपवलेल्या फोल्डरात डुप्लिकेट' म्हणून प्रोग्राम नेमका तोच काढायला सुचवतो, आणि जातो तो मूळ फोटो.

मॅकवरची फोटोज लायब्ररी. बाहेरून ती एक फाइल दिसते, आत हजारो असतात आणि त्यांचा हिशेब एका डेटाबेसमध्ये असतो. बाहेरच्या प्रोग्रामने आतली फाइल उडवली तर लायब्ररी बिघडते. त्याऐवजी २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरापासून फोटोज ॲपमध्येच डावीकडे 'डुप्लिकेट्स' हा अल्बम मिळतो. तिथे 'मर्ज' केलं की सगळ्यात चांगली प्रत राहते, बाकींची माहिती तिच्यात येते आणि त्या प्रती 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये जातात. हा अल्बम लगेच दिसत नाही. संगणक चार्जिंगला लावून, लॉक करून ठेवला की ॲप शांतपणे शोधत राहतं. लाइटरूम क्लासिक हा फोटो एडिट करायचा प्रोग्राम वापरत असाल तर फोटो त्याच्या कॅटलॉगमधूनच काढा, नाही तर ठिकठिकाणी 'फाइल सापडत नाही'ची खूण दिसत राहील.

गूगल टेकआउटमधून उतरवलेले फोटो

गूगल फोटोजमधून टेकआउटने, म्हणजे खात्यातला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीने, सगळं उतरवलं की एकच फोटो दोनदा येतो: एकदा वर्षाच्या फोल्डरात आणि एकदा तो ज्या अल्बममध्ये असेल त्या अल्बमच्या फोल्डरात. हे हुबेहूब डुप्लिकेट असतात, पहिल्या फेरीत सापडतात. वर्षाच्या फोल्डरांना रेफरन्स करा. फक्त लक्षात ठेवा, अल्बममधली प्रत गेली की कोणते फोटो कोणत्या अल्बममधले होते ही माहितीही गेली. अल्बम महत्त्वाचे असतील तर आधी अल्बमच्या फोल्डरमधल्या नावांची यादी मजकूर फाइलमध्ये साठवून ठेवा.

प्रत्येक फोटोसोबत येणाऱ्या जेसन (.json) फाइल्स कचरा समजून उडवू नका. गूगल फोटोजमध्ये तुम्ही बदललेली तारीख, लिहिलेलं वर्णन, जागा हे त्यांच्यातच असतं. 'स्टोरेज सेव्हर' दर्जावर अपलोड केलेले फोटो पुन्हा दाबलेले असतात, त्यामुळे ते तुमच्या मूळ फाइल्सशी हुबेहूब जुळणार नाहीत. ते दुसऱ्या फेरीत सापडतील, आणि मूळ फाइल असेल तर तीच ठेवायची.

जागा मोकळी का होत नाही

वीस जीबी काढले आणि डिस्कवर तेवढीच जागा दिसते, याची कारणं मोजकी आहेत. बहुतेकदा रिसायकल बिन रिकामा केलेला नसतो. मॅकवर एपीएफएस फॉरमॅटच्या डिस्कवर फाइंडरने त्याच डिस्कवर केलेली प्रत नवीन जागा घेतच नाही, दोन्ही नावं त्याच डेटाकडे बोट दाखवतात. म्हणून एक काढून काही मोकळं होत नाही. टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप सोयीचे लोकल स्नॅपशॉटही उडवलेल्या फाइल्स काही काळ धरून ठेवतात, ते आपोआप सुटतात. लिनक्सवर आणि क्वचित विंडोजवर हार्डलिंक, म्हणजे एकाच फाइलची दोन नावं, असतात, त्यांचंही एपीएफएससारखंच. ड्युपगुरूच्या ऑप्शन्समध्ये हार्डलिंक वगळायची सोय आहे, ती चालू ठेवा.

काम संपल्यावर सिंक पुन्हा सुरू करण्याआधी मुख्य संग्रहातले प्रत्येक वर्षातले काही फोटो उघडून बघा, मगच 'रिझ्यूम' दाबा.

पुन्हा साठू नयेत म्हणून

फोनमधून फोटो उतरवायचा मार्ग एकच ठेवा. कधी केबलने, कधी क्लाउडवरून, कधी मेसेजिंग ॲपवरून घेतले की तोच फोटो तीन नावांनी येतो. फोल्डरांना '२०२४-०३-१७' अशा क्रमाने तारीख द्या, म्हणजे नावानुसार लावले तरी काळाचा क्रम टिकतो. आणि नवीन आलेले फोटो थेट मुख्य संग्रहात ओतू नका. आधी 'आवक' नावाच्या फोल्डरमध्ये घ्या, मुख्य संग्रह रेफरन्स आणि 'आवक' नॉर्मल करून हुबेहूब प्रतींचा स्कॅन चालवा, सापडलेले काढा आणि 'आवक'मध्ये उरतील तेवढेच फोटो संग्रहात हलवा. हलवताना 'कॉपी' न करता 'कट' करा, म्हणजे 'आवक' रिकामा राहतो आणि पुढच्या वेळी तेच फोटो पुन्हा मोजावे लागत नाहीत.